वारजे ते तुंगनाथ, मार्गे माकडटोपी

पुण्यात बर्फाच्या गावाचं नाव लावणारं एक कार्यालय आहे, बर्फ मात्र नाही. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस रिक्षावाल्यांपासून बसच्या कंडक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. येताना नोंदवह्या आल्या, उपकरणं आली, साहेब आले आणि सोडून आलेल्या गावाचं नावही आलं. बर्फ तेवढा तिकडेच राहिला. पुढे १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथून हललं नाही. पुण्याने बर्फासाठी एकदा जोर लावून पाहिला होता. १७ जानेवारी १९३५ला पारा १.७ अंशांपर्यंत उतरला, पण शून्य काही गाठता आलं नाही. त्यानंतर शहराने तो नाद सोडला.

आमच्या वारज्यात तर बर्फ म्हणजे रसवंतीतली, गोणपाटात गुंडाळलेली लादी. थंडीचा अनुभव म्हणाल तर डिसेंबरात पारा १२ अंशांवर आला की सकाळी टेकडीवर जाणारी मंडळी कानाला मफलर गुंडाळून 'यंदा काश्मीरच झालंय' असं एकमेकांना सांगतात. त्यांत काश्मीरला जाऊन आलेलाही एखादा असतो. तो यावर काही बोलत नाही, कारण त्याच्याही तोंडावर मफलर असतो.

अशा गावातून आम्ही पाच जण २०२३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला हिमालयात डोंगर चढायला निघालो. नवरा, मी, सासरे म्हणजे आबा, सासूबाई आणि पाच वर्षांची कन्या. पाचांपैकी चौघांना कुठे जायचंय हे माहीत होतं. पाचवी आपण विमानात बसणार एवढ्यावर समाधानी होती. तिच्या मते सहलीचा मुख्य भाग लोहगावला सुरू होऊन दिल्लीला संपणार होता.

डोंगराचा सराव तिला नव्हता असं नाही. वारज्याची टेकडी आम्हाला घरचीच. वनखात्याच्या ४० एकर उजाड टेकडीवर झाडं लावून उभं केलेलं ते स्मृतिवन आता एवढं नावाजलेलं आहे की, ५ जून २०२०च्या पर्यावरण दिनी केंद्र सरकारने देशभर २०० नगरवनं करायची घोषणा केली तेव्हा नमुना म्हणून हीच टेकडी दाखवली. वनस्पतींच्या २३ जाती, २९ पक्षी, १५ फुलपाखरं, १० सरपटणारे प्राणी आणि ३ सस्तन प्राणी अशी तिथली मोजदादही तेव्हा जाहीर झाली. रविवारी सकाळी ट्रॅकपँट घालून येणारा आणि खिशातल्या मोबाइलवर जुनी गाणी मोठ्याने लावणारा सस्तन प्राणी त्या तिनांत धरलेला नसावा.

या टेकडीवर कन्येने आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. लहान मुलाला घेऊन डोंगर चढणं हा व्यायाम नाही, ती वाटाघाट आहे. मोठा माणूस पायाने चढतो, मूल अटींवर चढतं. पहिल्या बाकड्यापर्यंत येण्याचे दोन मनुके, दुसऱ्यापर्यंत राजगिऱ्याची वडी, माथ्यावर गेल्यावर गोष्ट, उतरताना खांदा. यात भाव दर आठवड्याला वाढतो. मागच्या रविवारी जिथे एका वडीवर काम झालं तिथे या रविवारी दोन लागतात. आणि 'अजून किती राहिलं?' या प्रश्नाला आपण 'आलंच' म्हणतो, त्या उत्तराची किंमत मात्र दर आठवड्याला उतरत जाते. चार-सहा रविवारांत मुलाला कळून चुकतं की 'आलंच' म्हणजे आई-वडिलांना दम लागलेला आहे, अंतराशी त्याचा संबंध नाही.

तुंगनाथ ठरलं तेही वाटाघाटीतूनच. आबांना केदारनाथ हवं होतं, पण गौरीकुंडापासून सोळा-सतरा किलोमीटरची ती चढण आणि कन्येचे दर यांचा हिशेब घातल्यावर ते रद्द झालं. नवऱ्याला शिखर हवं होतं. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हापासून पुण्यातल्या प्रत्येक घरात एक माणूस आपल्याला फक्त वेळ मिळाला नाही अशा समजुतीत असतो. आमच्याकडे तो माणूस नवरा. सासूबाईंना देव हवा होता आणि मला चार किलोमीटरच्या आत आटपणारं काहीही. या चारही अटींत एकच जागा बसली. पंचकेदारांतलं तिसरं, ३,६८० मीटर उंचीवरचं, शंकराच्या मोठ्या देवळांत सगळ्यांत उंचावरचं मानलं जाणारं तुंगनाथ. चोपता या छोट्या ठिकाणापासून जेमतेम चार किलोमीटरची फरसबंद वाट, वर देऊळ, देवळाच्या वर दीड किलोमीटरवर चंद्रशिला नावाचं शिखर. नवऱ्याने लगेच उंचीचा अर्थ लावून दाखवला. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर जवळजवळ चारशे मीटर उरतात. पण चोपताच मुळात २,६८० मीटरवर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ हजार मीटरचा, म्हणजे दीड सिंहगड. पुणेकराला जगातला कुठलाही डोंगर सिंहगडात सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता प्रश्न कपड्यांचा. आबा आयुष्यभर हवामान खात्यात होते. हिशेब विभागात होते, हे खरं, पण ढगांच्या इतक्या जवळ तीस वर्षं बसल्यावर माणसाला थोडं अंगाला लागतंच. घरात पावसाचा अंदाज तेच देतात. त्यांनी कागद घेतला आणि मांडणी केली. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर, तुंगनाथ ३,६८०. फरक ३,१२० मीटर, म्हणजे सुमारे २० अंश. वारज्यात आज ३८. ३८ वजा २०, बरोबर १८. "हाफ स्वेटर पुरे," आबांनी खाली दुहेरी रेघ मारली.

हिशेबात चूक नव्हती. फक्त डोंगर उत्तराखंडात होता आणि आबांनी तो पुण्यावर उभा केला होता. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर येऊन आदळतात आणि कधी कधी मे महिन्यातही तिथे बर्फ टाकून जातात, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. त्या वर्षी तर ते एकामागून एक आले. केदारनाथला इतका बर्फ पडला की यात्रेकरूंची नोंदणी काही दिवस थांबवावी लागली. खात्याचा रीतसर इशारा नवऱ्याच्या मोबाइलवर येऊन पडला होता. तो कुणी उघडला नाही. घरचा अंदाज असताना बाहेरचा कोण घेतो?

सासूबाईंचं शास्त्र वेगळं. त्यांचा अंदाज वर्षभर एकच असतो, 'गार वारा सुटेल.' लोणावळ्याला, गणपतीपुळ्याला, भर एप्रिलात सोलापूरला लग्नाला जाताना, कुठेही. वर्षातून ३६५ वेळा एकच अंदाज दिला की एकदा तरी तो खरा ठरतो, आणि घरात लक्षात राहतो तो तेवढाच. त्यांनी पाच माकडटोप्या बाहेर काढल्या. नवऱ्याने त्या परत कपाटात ठेवल्या. हिमालयात माकडटोपी घालून काढलेला फोटो कुणाला दाखवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात सासूबाई काही बोलल्या नाहीत याचा अर्थ निर्णय झालेला आहे आणि तो आपल्याला नंतर कळेल.

ऋषिकेशपासून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ असा दिवसभराचा घाट चढून आम्ही चोपत्याला पोहोचलो. त्या घाटाबद्दल एवढंच सांगते की पुण्यातून नेलेली आवळासुपारी देवप्रयागलाच संपली. चोपत्याला रात्रीचा मुक्काम केला, म्हणजे अंगाला उंचीची सवय होते. सकाळी ऊन होतं. बुरांशची लाल फुलं झाडांवर होती, समोर हिमशिखरं होती, आणि आबांनी दुकानाबाहेरच्या तापमापकावर १० अंश वाचून 'वर गेल्यावर वाढेल' असं सांगितलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. वाटेच्या तोंडाशी चहाच्या टपरीवाल्याने आकाशाकडे न बघताच नवऱ्याला सांगितलं, "दोपहर से पहले लौट आना, भाईसाहब. बरफ गिरेगी." नवऱ्याने त्याला मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळाधमक सूर्य दाखवला. टपरीवाल्याने तो कौतुकाने पाहिला आणि रबरी बुटांचं भाडं सांगितलं. आम्ही बूट घेतले नाहीत.

पहिला किलोमीटर वारज्याच्या दराने पार पडला. दुसऱ्यात महागाई सुरू झाली. मनुके संपले, वड्या पिशवीच्या तळाला गेल्या. कन्येने दर वळणावर बसायचं ठरवलं आणि हिमालयात वळणं पुष्कळ. मग आम्ही मोठ्यांनी आपापली आमिषं बाहेर काढली. नवरा म्हणाला, वर शिखर आहे. "त्याचं काय करायचं?" कन्येने विचारलं. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तसं ते एव्हरेस्टवाल्यांकडेही सोपं नसतं. आबांनी पांडवांची गोष्ट सांगितली. युद्धानंतर पांडव शंकराला भेटायला आले, शंकर त्यांना चुकवायला बैल झाला, भीमाने त्याला धरलं तेव्हा तो जमिनीत शिरला आणि पाच ठिकाणी पाच भाग वर आले. इथे बाहू आले. "मग देवाला त्यांना भेटायचंच नव्हतं?" कन्या म्हणाली. "नव्हतं." "मग आपण का चाललोय?" सासूबाईंनी विषय बदलला आणि सांगितलं की देव हिवाळ्यात इथे राहत नाही, खाली मक्कूमठला उतरतो, गावकरी वाजतगाजत त्याची डोली नेतात. त्यावर माझ्या मनात आलं की एवढी थंडी देवाला कळते, ती आमच्या हाफ स्वेटरवाल्यांना कळली नाही. पण तोवर ऊन होतं म्हणून बोलले नाही.

आणि मग ऊन गेलं. समोरची शिखरं आधी निम्मी, मग सगळीच दिसेनाशी झाली. वारा सुटला. सासूबाईंनी आबांकडे पाहिलं. फरशीवर काहीतरी टपटपायला लागलं. पांढरे, गोल, मऊ दाणे, पडल्यावर उड्या मारणारे. "भिजलेला साबुदाणा," सासूबाई म्हणाल्या, आणि एवढं नेमकं वर्णन मला पुढे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. पाच मिनिटांत दाण्यांच्या जागी कापसासारखे नव्हे, तर खरेखुरे, सुटे, सहा टोकांचे कण आले. ते माझ्या काळ्या जाकिटाच्या बाहीवर बसले की क्षणभर स्पष्ट दिसत. कन्येने टोकं मोजली, आबांनी पडताळली. पुढच्या कणाची मोजली. सहा. त्याच्या पुढच्याची, सहा. योहानेस केप्लरने १६११ साली याच एका प्रश्नावर छोटंसं पुस्तक लिहिलं होतं, की हिमाच्या कणाला नेहमी सहाच टोकं का, पाच किंवा सात का नाहीत. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, हे खरं उत्तर मिळायला पुढे तीनशे वर्षं लागली. आबांना कारणात रस नव्हता. इतक्या मोठ्या उलाढालीत एकही नोंद चुकलेली नाही याचा त्यांना निवृत्त माणसाचा खोल आनंद झाला होता.

याच वेळी सासूबाईंनी पिशवी उघडली आणि पाच माकडटोप्या काढल्या. कुणी फोटोचा विषय काढला नाही.

इथून पुढे सगळा व्यवहार उलटा झाला. इतका वेळ आम्ही कन्येला 'चल' म्हणत होतो आणि ती बसत होती. आता आम्ही 'थांब' म्हणत होतो आणि ती पळत होती. वड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. मी एक वडी पुढे केली तर तिने 'तूच खा' म्हणून परत केली, पाच वर्षांत पहिल्यांदा. बर्फाने आमचा बाजार एका तासात मोडला, कारण बर्फ फुकट होता, सगळीकडे होता आणि त्याच्यासाठी कुठे पोहोचावं लागत नव्हतं. मला वाटतं मोठी माणसं डोंगर चढतात ती वर काहीतरी आहे म्हणून. देऊळ, शिखर, सिंहगडावर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी. मधली वाट म्हणजे सोसायची गोष्ट. मूल चालतं ते पायाखाली काहीतरी आहे म्हणून. वारज्याच्या टेकडीवर ती मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास बसते, तेव्हा आपल्या मते ती चढत नसते. तिच्या मते ती पोहोचलेली असते. बर्फाने एवढंच केलं की सगळी वाटच मुंग्यांची रांग करून टाकली.

कन्येने बर्फ उचलून तोंडात घातला. सासूबाई किंचाळल्या. आमच्या घरात फ्रीजच्या पाण्याला बंदी आहे आणि गाडीवरच्या गोळ्याला तर कायमची. "तूच सांगितलंयस ना आजी," कन्या म्हणाली, "गोळ्याचं पाणी कुठलं असतं देव जाणे?"

"हो. मग?"

"मग देव वरच राहतो ना. विचारू या त्याला."

सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच वाद अर्धा सोडला.

चाललेल्या माणसांत मराठी माणूस ओळखू येतो. वरून उतरणाऱ्या एका कुटुंबाने आमच्या डोक्यांकडे पाहिलं.

"पुण्याचे का?"

"हो. तुम्ही?"

"आम्हीपण. कोथरूड. तुम्ही कुठले?"

"वारजे."

"अच्छा, म्हणजे हायवेच्या पलीकडे."

साडेतीन हजार मीटरवर, हिमवर्षावात, नाकाचे शेंडे लाल झालेले असताना, कोथरूडने आपली उंची वारज्यापेक्षा थोडी जास्त राखली. त्याच हायवेवरच्या चांदणी चौकातला जुना पूल आदल्या ऑक्टोबरमध्ये पाडला होता आणि नवा अजून व्हायचा होता. त्यामुळे हिमालयाकडे पाठ करून सगळे पुरुष त्यावर बोलायला लागले. नवा पूल झाल्यावर मुंबईकडून येणाऱ्याने कुठून वळायचं हे आबांनी बर्फात काठीने आखून दाखवलं. ते आखलेलं दर मिनिटाला बुजत होतं. प्रत्यक्ष चौकातली परिस्थिती तेव्हा फार वेगळी नव्हती.

तेवढ्या वेळात कन्येला एक दगड सापडला. वाटेच्या कडेला, तिच्या कमरेएवढा, वर सपाट. तिने हातमोज्याने त्यावरचा बर्फ झाडला. पुन्हा साचला. पुन्हा झाडला. यात तिला काय मिळत होतं ते मला सांगता येणार नाही. तिला 'चल' म्हटलं तर ती 'अजून झालं नाही' म्हणाली. काय व्हायचं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

मग मी तिच्या पायाला हात लावला आणि माझं हसू संपलं. बूट ओले, मोजे ओले, बोटं गार. पुण्यात मूल भिजलं तर आपण टॉवेल शोधतो, इथे तसं चालत नाही. लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त. त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं, आणि खेळात असेल तर सांगतही नाही. नवऱ्याने शूरपणे तिला खांद्यावर घेतलं. हा तर आणखी फसवा प्रकार. चढणारा घामाघूम होतो आणि 'कुठेय थंडी?' म्हणतो. खांद्यावरचा जीव मात्र चालत नसतो, वाऱ्यात नुसता बसलेला असतो, आणि गार पडत जातो. मी त्याला थांबवलं. कोरडे मोजे होते, पण बूट ओले, मग मोज्यांचा उपयोग काय?

"थांबा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशव्यांची पिशवी काढली.

प्रत्येक मराठी घरात ही असते. दारामागे नाहीतर ओट्याखाली, घड्या घालून ठेवलेल्या पिशव्यांनी गच्च भरलेली एक पिशवी. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, पण सासूबाईंचा साठा त्याच्या आधीचा आणि त्यांच्या मते त्यामुळे कायदेशीर. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्याही त्यात होत्या. कन्येचे पाय पुसून कोरडे मोजे, त्यावर दुधाची पिशवी, वर बूट. ओला बूट बाहेर राहिला, कोरडा पाय आत. मागाहून कळलं की बर्फात अडकल्यावर जाणते गिर्यारोहकही हाच उपाय करतात. सासूबाई त्यांच्या आधीपासून करतात, तेही पंढरपूरला, पावसात. नवऱ्याच्या पाठीवरच्या महागड्या सॅकमध्ये होकायंत्र होतं, शिट्टी होती, डोक्याला बांधायचा दिवा होता. पिशवी एकही नव्हती.

त्यानंतर देऊळ दहा मिनिटांवर होतं, खरोखरचं. दगडी, काळं, ठेंगणं देऊळ, बर्फाची पातळ चादर पांघरून उभं. आबांनी हात जोडले आणि म्हणाले, "देऊळ जरा कललेलं वाटतंय." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उंचीवर विरळ हवा डोक्याला चढते, हे सगळ्यांनी वाचलेलं होतं. नवऱ्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आजची तारीख विचारली. आबांनी तारीख सांगितली, वर तिथी सांगितली आणि पुन्हा म्हणाले, "कललंय." त्याच महिन्यात बातमी आली की पुरातत्त्व खात्याच्या पाहणीत हे देऊळ पाच-सहा अंशांनी कललेलं आढळलं आहे. अठरा अंशांच्या अंदाजात पडलेलं आबांचं नाक या पाच-सहा अंशांनी पुन्हा वर आलं. आता घरात अंशांचा विषय निघाला की ते तापमानावर थांबत नाहीत, थेट देवळावर येतात.

दर्शनाला गाभाऱ्यापर्यंत जायला कन्या तयार नव्हती. बाहेर बर्फ आणि आत अंधार. सासूबाईंनी तिला आत नेऊन नमस्कार करायला लावला आणि काय मागितलंस म्हणून विचारलं. "त्या दगडावरचं कुणी झाडू नये असं," ती म्हणाली.

राहिली चंद्रशिला. फक्त दीड किलोमीटर. नवरा तिकडच्या धुक्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी ओळखते. शिखर दिसलं नाही तर पुरुषाला ते आणखी जवळ वाटतं. देवळाजवळच्या दुकानदाराने चहा दिला आणि एकच वाक्य बोलला, "बच्चा साथ है, साहब." त्यात सल्ला नव्हता, मनाई नव्हती, नुसती माहिती होती. नवऱ्याने माहिती कन्येकडे वळून तपासून पाहिली. ती पायांतल्या पिशव्या वाजवत गोल फिरत होती. आम्ही उतरायला लागलो.

उतरणं म्हणजे सगळ्यांच्या स्वभावाची परीक्षा. ओल्या फरशीवर बर्फ, त्यावर खेचरांची ये-जा. नवरा पडला आणि लगेच उठून त्याने बुटाला शिव्या दिल्या. मी पडले आणि हसले, कारण पाहणारे बरेच होते. आबा पडले आणि तिथेच काठी आडवी ठेवून म्हणाले, "मी बसलोय." सासूबाई पडल्याच नाहीत. पुण्याहून आणलेल्या, माझ्या मते सहलीला अगदी न शोभणाऱ्या, खरखरीत रबरी तळव्यांच्या चपला मोज्यांवर घालून त्या कठड्याला धरून एकेक पाऊल उतरत होत्या. कन्या मुद्दाम पडत होती आणि पडणं हा चालण्याचाच एक प्रकार आहे असं तिने ठरवलं होतं. खाली टपरीवाल्याने काहीही न बोलता पाच कप चहा ओतला. 'मी सांगितलं होतं' न म्हणणारा माणूस पुणेकराला फार अस्वस्थ करतो. नवऱ्याने त्याला जास्तीचे पैसे दिले.

वारज्याला परतल्यावर बर्फ वाढायला लागला. आम्ही तिथे असताना तो घोट्याच्या आत होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांगताना घोट्यावर आला. जूनमध्ये शेजारी भज्यांना आले तेव्हा गुडघ्यापर्यंत होता. गणपतीत नणंद राहायला आली तोपर्यंत नवऱ्याला कमरेएवढ्या बर्फातून वाट काढावी लागलेली होती. मी मध्ये बोलत नाही. हिमालयात न पडलेला उरलेला बर्फ अशा रीतीने पुण्यात पडतो, तर पडू द्यावा. कन्येला मात्र त्यात रस नाही. शाळेत सुट्टीत काय केलं ते सांगायला उभं केलं, तेव्हा तिने देऊळ, शिखर, विमान सगळं गाळलं आणि 'आजीने माझ्या पायात दुधाच्या पिशव्या घातल्या' एवढं सांगितलं. बाईंनी पालकसभेत मला जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

दिवाळीत पुढच्या वर्षीची सहल ठरवायला बसलो. नवऱ्याने लॅपटॉप उघडला. ठिकाण, उंची, अंतर, मुक्काम असे रकाने त्याने आधीच आखून ठेवले होते. त्याच्या मनात चंद्रशिला, आबांच्या केदारनाथ, माझ्या समुद्र. सासूबाई म्हणाल्या, कुठेही चला, गार वारा सुटेल. एकमत होईना म्हणून कन्येला विचारलं.

"तिथेच," ती म्हणाली. "पण वर नको जायला."

"मग कुठे?"

"दगडापाशी. माझं झालं नव्हतं."

तिला समजावून झालं, हिमालयात दगड पुष्कळ आहेत, तो सापडायचा नाही, त्या वेळी बर्फ असेलच असं नाही. ती ऐकून घेते आणि पुन्हा दगड म्हणते. शेवटी तिच्या बाबाने ठिकाणाच्या रकान्यात 'दगड' असं लिहिलं, आणि गेला आठवडाभर तो जुन्या फोटोंवरून त्या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची काढतो आहे.